रेड लेकच्या उत्तरेला: जूनमधला वॉलायचा आठवडा

उत्तर-पश्चिम ओंटारिओतला हायवे 105 रेड लेक गावाशी येऊन संपतो. त्याच्या उत्तरेला खडक, स्प्रूसचं जंगल आणि मोजता येणार नाहीत इतकी तळी आहेत. त्यातल्या बहुतेक तळ्यांना रस्ताच नाही. पाण्यावर उतरणारं विमान तुम्हाला एखाद्या तळ्याकाठच्या केबिनवर सोडतं आणि आठवड्यानं परत न्यायला येतं. मधल्या दिवसांत दुकान नाही, मेकॅनिक नाही, मोबाइलची रेंज नाही. त्यामुळे वॉलाय (गोड्या पाण्यातला एक शिकारी मासा) पकडण्याच्या या सहलीचं यश निघण्याआधीच्या वजनकाट्यावर आणि तिथे पोचल्यावर वाऱ्यावर ठरतं. गळ, दोरी, आमिष हे सगळं त्यानंतर येतं.

या भागात बर्फ साधारण मेच्या पहिल्या पंधरवड्यात फुटतो आणि वॉलायचा हंगाम मेच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो. जूनच्या मध्याला अंडी घालून झालेली असतात, पण मासे अजून वाहत्या पाण्याच्या आसपास असतात. नवख्यालाही ते सापडतात. या काळात डास सर्वांत जास्त असतात, तेवढं सोसावं लागतं.

शुक्रवार: विनिपेग ते रेड लेक

विनिपेगहून ट्रान्स-कॅनडा हायवेनं पूर्वेला निघालं की दोन-सव्वादोन तासांत केनोरा येतं, तिथून तासाभरावर व्हर्मिलियन बे. इथे 105 उत्तरेला फुटतो आणि इअर फॉल्समार्गे पावणेदोनशे किलोमीटरवर रेड लेक. सगळं मिळून पावणेपाचशेच्या आसपास किलोमीटर. टोरांटोकडच्या मंडळींनी विनिपेगपर्यंत विमान आणि पुढे भाड्याची गाडी असाच बेत करावा. प्रांत एकच असला तरी टोरांटोहून गाडीनं दोन पूर्ण दिवस जातात. शिवाय रेड लेकचं घड्याळ टोरांटोच्या एक तास मागे असतं आणि विमानाच्या वेळा त्याच घड्याळाप्रमाणे दिलेल्या असतात.

105 वरचा शेवटचा टप्पा उजेड असतानाच संपवावा. संध्याकाळी मूस (हरणाच्या कुळातले अवाढव्य प्राणी) रस्त्यावर येतात. अंग काळपट, पाय लांब. हेडलाइटचा झोत पायांवर पडतो आणि डोळे त्याच्या वर राहतात, त्यामुळे हरणाचे चमकतात तसे ते दिसत नाहीत. धडक बसली तर मूसचे पाय उडतात आणि चार-पाचशे किलोचं धड थेट काचेवर येतं.

ओंटारिओचं आउटडोअर्स कार्ड आणि मासेमारीचा परवाना घरूनच ऑनलाइन काढलेला बरा. मॅनिटोबात राहणाऱ्यांनाही ओंटारिओचा वेगळा परवाना लागतो. स्पोर्ट परवान्यावर या भागात चार वॉलाय ठेवता येतात आणि त्यातला एकच 46 सेंटिमीटरपेक्षा मोठा चालतो. कॉन्झर्व्हेशन परवान्यावर दोनच. हा दुसरा परवाना स्वस्त आहे, आणि खाण्यापुरते दोन मासे माणशी पुरून उरतात. नियम विभागवार असतात आणि बदलतात, म्हणून तळं कोणत्या विभागात येतं ते पाहून त्या वर्षीचं नियमपत्रक वाचावं.

जिवंत आमिष म्हणजे इथे मुख्यतः जळवा. 2022 पासून जळवा किंवा आमिषाचे मासे एका आमिष-विभागातून दुसऱ्यात नेता येत नाहीत. म्हणून त्या रेड लेकमध्येच घ्याव्यात, पावती खिशात ठेवावी आणि दोन आठवड्यांत संपवाव्यात. माणशी 120 ही मर्यादा आहे. गांडुळं न्यायची तर मातीत नाही, कागदी भुशात. जळवांचं पाणी रोज बदलायचं, ते तळ्याचंच घ्यायचं आणि डबा सावलीत ठेवायचा. नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात त्या दोन दिवसही टिकत नाहीत.

संध्याकाळचं खरं काम म्हणजे सामान पुन्हा भरणं. बहुतेक ठिकाणी माणशी 40 ते 50 किलोची मर्यादा असते आणि त्यात अन्नही धरतात. कडक सुटकेस विमानात नीट बसत नाही. मऊ, लांबट पिशव्या आणाव्यात. एका मोठ्या पिशवीपेक्षा दोन लहान बऱ्या. पाणी आणि कॅन हे वजन खाणारे पदार्थ आधी कमी करायचे. तांदूळ, मूगडाळ, रवा, मसाले, सुकं खोबरं, कांदे-बटाटे यांत चार माणसांचा आठवडा व्यवस्थित निघतो. एका दिवसाचं अन्न जास्तीचं घ्यायचं. त्याचं कारण परतीच्या दिवशी कळतं.

शनिवार: हाउई बेवरून उड्डाण

रेड लेक हे सोन्याचं गाव. 1925 मध्ये हाउई बंधूंना इथे सोनं सापडलं, 1926 मध्ये लोकांची झुंबड उडाली, आणि रस्ता नसल्यानं माणसं व यंत्रं विमानांनी आणावी लागली. त्या काळाची खूण म्हणून हाउई बेच्या काठावर एक नॉर्समन विमान खांबावर उभं केलेलं आहे. आजची ओझी मुख्यतः बीव्हर आणि ऑटर ही विमानं वाहतात. बीव्हर टोरांटोच्या डाउन्सव्ह्यू कारखान्यातलं, 1947 मध्ये पहिल्यांदा उडालेलं, नऊ सिलिंडरचं आणि 450 अश्वशक्तीचं. चार माणसं आणि त्यांचं सामान चढलं की ते भरतं.

धक्क्यावर सकाळी एक गोष्ट नीट पाहण्यासारखी असते. वैमानिक हातपंप घेऊन विमानाच्या दोन्ही तराफ्यांवरून चालत जातो. प्रत्येक तराफा आतून कप्प्याकप्प्यांचा असतो आणि प्रत्येक कप्प्याच्या नळीवर एक रबरी चेंडू दाबून बसवलेला असतो. चेंडू काढायचा, पंप लावायचा, रात्रीत झिरपलेलं पाणी उपसायचं, चेंडू परत दाबायचा. कप्प्यात राहिलेलं पाणी म्हणजे विमानात चढवलेलं फुकटचं वजन, आणि ते नेमकं मागच्या कप्प्यात असेल तर तोलही बिघडतो. म्हणून आदल्या रात्री सामान तोलताना आळस केला तर तो इथे उघडा पडतो. जास्तीची पिशवी धक्क्यावरच राहते किंवा दुसऱ्या फेरीचे पैसे भरावे लागतात.

अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा विमानाच्या केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. तो आधीच वैमानिकाच्या हातात द्यावा; तो तराफ्याच्या कप्प्यात ठेवतो. बंद केबिनमध्ये डबा फुटला तर वैमानिकालाच दिसेनासं होईल. स्टोव्हच्या गॅसच्या डब्यांबद्दलही आधी विचारावं.

अर्ध्या-पाऊण तासाचं उड्डाण. उतरताना पाणी आरशासारखं स्थिर असेल तर आपल्याला सुंदर वाटतं, वैमानिकाला ते नको असतं. लाट नसली की पृष्ठभाग किती खाली आहे ते डोळ्यांना कळत नाही. अशा वेळी तो काठाला धरून, झाडांचा अंदाज घेत, ठरावीक संथ गतीनं उतरत येतो. त्या मिनिटांत त्याच्याशी बोलू नये. विमान थांबल्यावरही पंखा पूर्ण बंद झाल्याशिवाय धक्क्यावर पाऊल टाकायचं नाही.

केबिन लाकडी, फ्रिज आणि शेगडी प्रोपेनवर, दिवे सौर. विमान परत जाण्याआधी शेगडी पेटते का, फ्रिज चालू आहे का, बोटींची इंजिनं सुरू होतात का, हे तपासून घ्यायचं. नंतर सांगायला कोणी नसतं.

बोटी 14 ते 16 फुटी, ॲल्युमिनियमच्या. इंजिन बहुधा 9.9 अश्वशक्तीचं. ते सुरू होऊन दोन-चार मिनिटांत बंद पडलं तर शंभरातल्या नव्वद वेळा पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा राहिलेला असतो. हवा आत जात नाही, पोकळी तयार होते आणि पेट्रोल ओढलं जात नाही. दुसरी जागा म्हणजे नळीवरचा रबरी फुगा. त्यावरचा बाण इंजिनाकडे हवा, आणि दाबताना फुगा उभा धरायचा. तिसरी खूण इंजिनामागून पडणारी पाण्याची पिचकारी. ती थांबली तर थंड करणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी गवत अडकलंय. लगेच बंद करून साफ करावं. सुटा पंखा, त्याची खीळ, नट, स्पार्क प्लग आणि पाना बोटीत हवेतच. कॅनेडियन शील्डचे (इथल्या प्राचीन खडकाळ भूभागाचे) खडक पाण्याखाली हातभर अंतरावर असतात आणि चहाच्या रंगाच्या पाण्यात दिसत नाहीत.

बोट चालवणाऱ्याकडे कॅनडाचं बोटीचं कार्ड लागतं. भाड्याच्या बोटीसाठी सुरक्षेची तपासयादी भरून घेतात. लाइफ जॅकेट बोटीत असून उपयोग नाही, ते अंगात हवं. जूनमध्ये पाणी अजून गारच असतं. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी रुजवलेलं सूत्र इथे पाठ असावं: एक, दहा, एक. गार पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट श्वास ताब्यात आणण्याचं, पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध जायला तासभर लागू शकतो. जॅकेट नसेल तर माणूस गारठण्याआधीच बुडतो.

रविवार: नदीच्या तोंडाशी

वॉलायच्या डोळ्यात प्रकाश परावर्तित करणारा थर असतो, त्यामुळे त्याला अंधुक उजेडात भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं. म्हणून पहाट, संध्याकाळ, ढगाळ दिवस आणि लाटा असलेलं पाणी या त्याच्या खाण्याच्या वेळा. जूनमध्ये इथे सूर्य पाचच्या सुमारास उगवतो आणि साडेनवाच्या सुमारास मावळतो, तेव्हा दुपारी निवांत झोप काढायला हरकत नाही.

तळ्याला मिळणारी नदी किंवा लहानसा धबधबा नकाशावर शोधायचा. प्रवाहात थेट नाही, तर प्रवाह आणि संथ पाणी यांच्या सीमेवर, अडीच ते चार मीटर खोलीवर मासे असतात. त्यासाठी साधनं साधी. साडेसहा फुटी, मध्यम-हलका रॉड. 2500 आकाराचं स्पिनिंग रील. सहा ते आठ पौंडाची मोनो (एकपदरी नायलॉनची) दोरी. जिग म्हणजे शिसाच्या डोक्याचा गळ, 3.5 ग्रॅमचा आणि वारा असेल तर 7 ग्रॅमचा. पाणी चहाच्या रंगाचं असल्यानं नारिंगी आणि पोपटी-पिवळा हे रंग चांगले चालतात. गळाची उलटी नखी पकडीनं दाबून टाकावी. मासा सोडायला सोपं जातं, आणि गळ बोटात घुसला तरी निघतो. इथून दवाखाना विमानाच्या अंतरावर आहे.

जळू लावताना तिच्या रुंद टोकाची चूषक तबकडी गळात ओवायची. मग ती पाण्यात लांब होऊन पोहत राहते. मध्यातून टोचली की गोळा होऊन बसते आणि मासा तिच्याकडे पाहत नाही.

जिग तळाला टेकू द्यायचा. दोरी सैल पडली की टेकला. मग मनगटानं वीतभर उचलायचा आणि दोरी ताणलेली ठेवूनच खाली सोडायचा. मासा बहुतेक वेळा जिग खाली जाताना घेतो आणि हाताला फक्त थोडं जड लागतं. नवखे लोक उचलतात जोरात आणि सोडतात सैल, त्यामुळे घेतलेला मासा कळतच नाही. आपल्याकडे खाडीत गळ टाकलेल्या माणसाला जोरदार ओढीची सवय असते. इथे दोरीवर बोट ठेवून बसावं लागतं.

वारा ज्या काठावर आपटतो त्या काठाला मासे जास्त. लाट उजेड फोडते आणि बारीक जीव तिकडे ढकलले जातात. बोट आडवी करून वाऱ्यावर वाहू द्यायची, वेग जास्त वाटला तर ड्रिफ्ट सॉक म्हणजे कापडी नरसाळं पाण्यात सोडायचं. मासा लागला की तिथेच खूण करून पुन्हा वर जाऊन तीच रेघ वाहायची. वॉलाय घोळक्यानं असतात. पंधरा मिनिटं काही लागलं नाही तर जागा बदलावी.

सोमवार आणि मंगळवार: थंड हवेची लाट

रविवारी रात्री गडगडाट झाला आणि सोमवारी आकाश लख्ख निळं, वारा उत्तरेचा. मासेमाऱ्यांना हे आकाश नको असतं. हवेचा दाब चढतो, ऊन थेट आत शिरतं, वॉलाय खोलात सरकतात आणि आळसावतात. जिग हलका करायचा, हालचाल निम्मी करायची, जळू नुसती तळाजवळ धरून ठेवायची. इतकं केलं तरी दिवसाला मासे कमीच लागतात.

याच दिवसांत सर्वांत जास्त नुकसान होतं. मासे खाली गेले म्हणून लोक दहा-बारा मीटरवर जिग टाकतात, मासे पकडतात आणि सद्भावनेनं सोडून देतात. वॉलायची हवेची पिशवी घशाला जोडलेली नसते. खोलातून भराभर वर आणलं की आतली हवा फुगते आणि ती बाहेर टाकायला त्याला मार्गच नसतो. सोडलेला मासा पोट वर करून तरंगतो. काही खाली जातात आणि नंतर मरतात. साधारण नऊ-दहा मीटरपेक्षा खोलातून पकडून सोडण्याचा खेळ करूच नये. तिथे मासेमारी करायची तर खाण्यापुरते मासे ठेवायचे, कोटा झाला की उथळ पाण्यात यायचं किंवा दोऱ्या गुंडाळायच्या. उत्तरेतल्या गार पाण्यात वॉलायला 46 सेंटिमीटर व्हायला साधारण सहा-आठ वर्षं लागतात. तेवढी वर्षं दोन दुपारच्या करमणुकीत घालवू नयेत.

स्ट्रिंगरवर (पकडलेले मासे पाण्यात अडकवून ठेवायच्या साखळीवर) लावलेला मासा कोट्यात धरला जातो. मोठा मिळाला म्हणून आधीचा सोडणं चालत नाही.

उत्तरेचा वारा मोठ्या तळ्यात तासाभरात लाटा उठवतो. केबिन ज्या काठाला आहे त्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला सकाळी जायचं, म्हणजे परतताना लाट पाठीशी असते. बोटीच्या मागच्या सपाट फळीवरून पाणी आत येतं, म्हणून लाटांत बोट मागे-मागे नेत ट्रोलिंग (चालत्या बोटीमागे गळ ओढणं) करू नये.

बुधवार: काठावरचं जेवण

वारा दक्षिणेला फिरला, ढग आले आणि मासे पुन्हा वर आले. 35 ते 42 सेंटिमीटरचे वॉलाय ताटात सर्वांत चांगले. मोठे मासे ठेवू नयेत याला दुसरंही कारण आहे: पारा. वय आणि आकार वाढतो तसा वॉलाय आणि पाइक (इथला दुसरा शिकारी मासा) यांच्या अंगात पारा साठतो. कोणत्या तळ्यातला किती लांबीचा मासा महिन्यात किती वेळा खावा, याची तळ्यावार माहिती ओंटारिओ सरकार देतं. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी वेगळे आकडे असतात.

सात इंची लवचिक पात्याची सुरी घ्यावी. कल्ल्यामागे काट्यापर्यंत काप, सुरी आडवी करून काट्याला घासत शेपटीपर्यंत न्यायची, शेपटीशी कातडं न तोडता तुकडा उलटायचा आणि कातडं-मांस यांच्या मधून सुरी परत सरकवायची. मग फासळ्या काढायच्या. गालाचे दोन गोल तुकडे टाकून देऊ नयेत, ते सर्वांत गोड लागतात. ही पद्धत लगेच शिजवायच्या माशांसाठी. घरी न्यायच्या तुकड्यांवर मात्र कातड्याचा मोठा तुकडा राहू द्यावा लागतो, म्हणजे तपासणाऱ्याला जात आणि संख्या कळते.

आतडी आणि काटे केबिनजवळ टाकले तर रात्री काळं अस्वल येणार. केबिनच्या मालकानं नेमून दिलेल्या दूरच्या खडकावर न्यावेत. गल पक्षी (कुरव) ते तासाभरात साफ करतात.

विस्तव उघड्या खडकावरच करायचा. झाडांखाली जमीन दिसते ती माती नसून पानांचा आणि शेवाळ्याचा जाड थर असतो. तो आतल्या आत धुमसतो आणि दोन दिवसांनी दुसरीकडे वर येतो. भोवती मीटरभर मोकळं, वर तीन मीटरपर्यंत फांदी नको. कोरड्या दिवसांत आगबंदी असते, तेव्हा गॅसवरच. विझवताना पाणी ओतायचं, काठीनं ढवळायचं, पुन्हा ओतायचं आणि हातानं चाचपायचं.

इथली रीत चरबीत तळलेला मासा, बटाटे, कांदा आणि डब्यातले बीन्स. पण वॉलायचं पांढरं, बिनवासाचं मांस रव्याला फार छान धरतं. हळद, मीठ, मालवणी मसाला आणि कोकमाचं आगळ लावून वीस मिनिटं, मग निम्मा रवा-निम्मं तांदळाचं पीठ. तुकडे आधी कपड्यानं अगदी कोरडे करावेत. ओला तुकडा टाकला की तेल उडतं, आणि उघड्या जाळावर उडालेलं तेल पेटतं. कढई अर्ध्याहून कमीच भरायची. गोड्या पाण्यातले हे मासे कच्चे खाऊ नयेत. त्यांत फीतकृमी असतो. तळ्याचं पाणीही उकळूनच प्यावं.

गुरुवार: पाइक, आणि मूसचा उपसागर

पाइकसाठी सामान बदलायचं. तीस पौंडी ब्रेडेड दोरी आणि पुढे फूटभर स्टीलचा लीडर (तारेचा तुकडा). त्याचे दात मोनो दोरी सहज कापतात. लाल-पांढरा डेअरडेव्हल चमचा (चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष) लव्हाळ्याच्या कडेनं फेकायचा, मधेच थांबवून फडफडू द्यायचा. लांब नाकाची पक्कड आणि गळ तोडायची कात्री हाताशी ठेवावी. पाइकच्या तोंडात बोट घालू नये. मोठा पाइक उचलताना नुसता जबड्यानं टांगायचा नाही, दुसरा हात पोटाखाली हवा. पाइकच्या मांसात वाय आकाराच्या काट्यांची रांग असते, ती वेगळी कापून काढावी लागते.

लव्हाळ्याच्या उपसागरात मूसची मादी गुडघाभर पाण्यात पाणवनस्पती खात होती. जमिनीवरच्या झाडपाल्यात सोडियम कमी, पाण्यातल्या वनस्पतींत जास्त, म्हणून उन्हाळ्यात मूस पाण्यात दिसतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये याच केबिनांवर शिकारी येतात. ओंटारिओत मूस मारायच्या परवानगीचे टॅग 2021 पासून गुणांच्या पद्धतीनं वाटले जातात. भारतात 1972 च्या कायद्यानंतर शिकार हा विषयच उरलेला नाही, त्यामुळे इथल्या शिकारीचं खरं काम गोळी लागल्यावर सुरू होतं हे सहसा माहीत नसतं. पाण्यात उभ्या मूसवर गोळी झाडायची नाही, हा इथला पहिला धडा. चार-पाचशे किलोचा प्राणी पाण्यात सोलता येत नाही आणि ओढून काठावरही आणता येत नाही. कातडं लगेच उतरवावं लागतं, नाहीतर मांडीच्या हाडाशी ऊब राहून मांस आंबतं. तुकडे कापडी पिशव्यांत टांगायचे. प्लास्टिकमध्ये घाम धरतो. दोनशे किलोहून अधिक मांस म्हणजे बीव्हरची वेगळी फेरी. तिचे पैसे आधीच धरून चालावं.

खडकाच्या उभ्या कड्यांवर या भागात कुठे कुठे इथल्या मूळ रहिवासी अनिशिनाबे लोकांची लाल गेरूतली चित्रं आहेत. बोट दूर ठेवून पाहावीत, हात लावू नये. खाली तंबाखू वाहिलेला दिसला तर तसाच राहू द्यावा.

शुक्रवार: पाऊस

डासांबद्दल इथेच. दिवसा काळ्या माश्या बाह्यांच्या आणि मोज्यांच्या कडेनं आत सरकतात, संध्याकाळी डास. फिकट रंगाचे सैल कपडे, पँट मोज्यात खोचलेली, डोक्यावर जाळी. डीट या डास पळवणाऱ्या रसायनाच्या मलमानं दोरी आणि चष्म्याचं प्लास्टिक खराब होतं; इकॅरिडिननं होत नाही. घरी न्यायचे मासे सपाट, पातळ पाकिटांत भरावेत, कारण प्रोपेन फ्रिजचा बर्फाचा कप्पा जाड गठ्ठा आतपर्यंत गोठवू शकत नाही.

शनिवार: परत

सकाळी धुकं होतं. आकाश खाली उतरलेलं असेल तर विमान निघतच नाही. ठरलेली वेळ म्हणजे हवा साथ देईल तेव्हाची सर्वांत लवकरची वेळ. कधी दुपार होते, कधी दुसरा दिवस. जास्तीचं अन्न यासाठी, आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्रही. ते चार्ज करून शेवटच्या दिवसापर्यंत राखावं. परतीची विमानतिकिटं त्याच संध्याकाळची काढू नयेत.

निघण्याआधी केबिन झाडायची, बोटी ओढून उपड्या करायच्या, पेट्रोल किती उरलं ते लिहून ठेवायचं. उरलेल्या जळवा आणि त्यांचं पाणी तळ्यात सोडणं बेकायदा आहे. पाण्यापासून किमान 30 मीटर दूर जमिनीवर रिकामं करायचं. नव्या तळ्यात बाहेरचा जीव गेला तर तो परत काढता येत नाही.